एक दगड कमी

पूर्वेच्या खिडकीत एकच दगड कमी पडत होता, आणि त्या एका दगडासाठी गाव आठवडाभर गोठे तपासत होतं.

गोठेच, कारण डागडुजी चाललेल्या किलमोरनच्या पडक्या चर्चचे दगड तिथेच सापडायचे. छप्पर इंग्रज सैनिकांनी जाळलं असं गाव सांगतं. घडीव दगड कोणी नेले, हे मात्र कोणी विचारत नाही. पॅकी फीनीच्या डुकरांच्या खुराड्याला चक्क तेराव्या शतकातली चौकट निघाली. तुझी डुकरं बिशपपेक्षा थाटात राहतात, म्हणून दोन दिवस त्याची थट्टा झाली. पण हवा तो दगड तिथेही नव्हता.

डब्लिनहून आलेल्या सॉर्काकडे साठ वर्षांपूर्वीचं एक रेखाचित्र होतं. जुन्या वास्तूंच्या सरकारी कचेरीतली ती अधिकारी. चित्रात खिडकीचे दोन उभे अरुंद झरोके होते. दोन्हींच्या टोकदार कमानी एकाच दगडात कोरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध मुठीएवढा चेहरा. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. हा दगड वर बसला की खिडकी पुरी होणार होती. मिळाला नाही, तर शनिवारपासून म्हातारा मॅलकी टोलन नवा घडवणार होता. चुन्यात काम करणारा जुना गवंडी आसपास तेवढाच उरला होता.

मॅलकी स्वतः मात्र दगड शोधायला कुठेही गेला नव्हता. कोणी त्याचा विषय काढला की तो घमेल्यातला चुना कालवत बसे, कालवून झालेला असला तरी.

त्याची बायको डिंफना रोज अकरा वाजता चहाचा थर्मास आणि लोणी लावलेला सोडा-ब्रेड घेऊन यायची. त्याचं त्याला दिलं की स्वतःचा कप घेऊन चर्चच्या उत्तरेला जायची. तिथे गवतात शंभरेक दगड होते, एकावरही नाव नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं तिथे पुरलेली. पाद्री त्यांना दफनभूमीत घेत नसत. सूर्य मावळला की बाप एकटाच काखेत खोकं घेऊन जायचा. आईने सोबत जायचं नाही, मागाहून विचारायचं नाही. आणि त्या दगडांना कोणी हात लावायचा नाही, हा गावचा शिरस्ता. सॉर्कानेही तो पाळला होता. तिच्या नकाशात तेवढी जागा कोरी होती.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, मॅलकी असाच त्यांचं बाळ घेऊन गेला होता. परत येऊन त्याने हात धुतले आणि गाईची धार काढायला बसला. डिंफनाने विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. पुढे तीन मुली झाल्या, लग्नं होऊन आपापल्या घरी गेल्या. पण दर मार्चमध्ये डिंफना इथे येऊन एकेक दगड न्याहाळायची, यातला आपला कुठला म्हणून. पाय दुखले की भिंतीलगतच्या दगडावर टेकायची. बसण्याजोगा सपाट तेवढा एकच होता.

हल्ली मॅलकीला चार पावलं चालून धाप लागायची. तो गेला तर ती जागाही त्याच्याबरोबर जाईल, या विचाराने तिचं काळीज हलायचं. नवऱ्याच्या धापेपेक्षा आपल्याला हीच काळजी जास्त, याची तिला लाजही वाटायची.

शुक्रवारी ती कप घेऊन नुकती टेकली होती, तोच सॉर्का आणि मॅलकी कोपरा वळून आले. सॉर्का सांगत होती की उद्या खाणीतून चुनखडीचा ठोकळा येतोय, चेहरा तेवढा चित्रात बघून जमेल तसा कोरा. मॅलकीने चित्र हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मग घडी घालून परत दिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"डिंफना, जरा ऊठ."

ती उठली. त्याने पहार आणून ती बसली होती त्या दगडाखाली घातली. सॉर्का त्याला अडवायला पुढे झाली, पण त्याचा चेहरा बघून थांबली. दगड मातीतून सुटला आणि कुशीवर वळला. खालच्या अंगाला दोन कमानी होत्या, मातीने भरलेल्या. मधे चेहरा. गाल फुगलेले, डोळे मिटलेले.

"त्या हिवाळ्यातच वादळात खाली आला होता," मॅलकी म्हणाला. "हातगाडीवर घालून इथे आणला, आपली जागा ओळखू यावी म्हणून. बाकीचे दगड सगळे सारखेच. तोंड वर ठेवलं असतं तर पाद्र्याने उचलून नेला असता."

"आणि मला का नाही सांगितलंस?" डिंफनाचा आवाज चढला नव्हता.

तो गोंधळून तिच्याकडे वळला.

"तुला ठाऊक नव्हतं? गवंड्याची बायको तू. घडीव दगड ओळखला असशील, असंच धरून चाललो. दर वर्षी येऊन त्याच्याच उशाशी बसायचीस की. मला वाटायचं, माझ्यावरचा राग जात नाही, म्हणून बोलत नाहीस."

डिंफना सावकाश गुडघ्यांवर बसली. गळ्यातल्या रुमालाच्या टोकाने तिने त्या मिटलेल्या डोळ्यांवरची माती पुसली. मग नाकाजवळची. मग कानामागची, दगडात कान कोरलेलाच नव्हता तरी.

सॉर्का म्हणाली की हा इथेच राहू दे. खिडकीला आपण नवा करू, चेहरा नसला तरी चालेल.

"नको," डिंफना म्हणाली. "वेदीच्या वर बसवा त्याला. पुष्कळ वर्षं बाहेर ठेवलाय." मॅलकीचा हात धरून ती उठली आणि गवतात कलंडलेला कप उचलला. "उद्याचा ठोकळा मात्र येऊ दे. तो इथे लागेल. नाव घरी जाऊन ठरवू. ते बाजूने कोर, मॅलकी. वर सपाटच ठेव. मला बसायला लागतं."