वास्तू लाभली का?

जे आपले नाही ते घेणे पाप आहे, हे लहान मुलालाही कळते. जे आपले नाही ते देणे हेही पापच. पण ते कळेपर्यंत कधी कधी माणसाचे केस पांढरे होतात.

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर, रिकाम्या दिवाणखान्यात कमरुद्दीन उभे होते. अंगातला कडक इस्त्रीचा सदरा त्यांचा नव्हता, चष्मा त्यांचा नव्हता, आणि आज दुपारपासून नावही त्यांचे नव्हते. आज ते अजीजसाहेब होते, या घराचे मालक. खरे अजीजसाहेब कॅनडात होते आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. घर दलाल म्हणून वावरणाऱ्या सुरेशने महिन्याच्या भाड्याने घेतले होते. कमरुद्दीन त्याला शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका बंद पडलेल्या गॅरेजात सापडले होते. तीन दिवस त्याने पाठांतर करून घेतले: जन्मतारीख, घर घेतल्याचे वर्ष, गाडी लावायच्या जागेचा क्रमांक, अजीजसाहेबांच्या वारलेल्या बायकोचे नाव. कमरुद्दीन यांचा पासपोर्ट सुरेशच्या बॅगेत होता. व्हिसा संपून चार वर्षे झाली होती. व्यवहार पार पडला की तो त्यांचा दंड भरणार, तिकीट काढणार; आणि उद्या ते रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी, नऊ वर्षे वाट पाहणाऱ्या बायकोच्या, हुमेराच्या, दारात उभे राहणार. इतकाच त्यांचा वाटा होता.

घर पाहायला आलेले जोडपे, सिद्धांत आणि छाया, पुण्याचे होते. सिद्धांतने सारे प्रश्न विचारून घेतले. उत्तरे बिनचूक आली.

"यल्ला, चला सर," सुरेश म्हणाला, "काकांची संध्याकाळची फ्लाइट आहे. आज टोकन कॅश दिलंत, तर हा रेट तुमचा. उद्या मी गॅरंटी देत नाही."

"ऐंशी हजार दिरहम," सिद्धांतने छातीशी धरलेली पिशवी किंचित खाली केली. "म्हणजे एकोणीस लाख. पुण्याचं घर विकून आलोय हो आम्ही. परत जायला तिकडे काही ठेवलेलं नाही."

"ह्यांना वांगी घ्यायला चार दुकानं लागतात," छाया हसली, "आणि घर बघा, एका भेटीत पसंत!"

"मम्मा, धिस रूम इज माइन!" आतून इराचा आवाज आला.

सिद्धांत पिशवीची गाठ सोडू लागला. तेवढ्यात छायाने त्याच्या हातावर हात ठेवला. आपल्या पर्समधून तिने एक नारळ काढला आणि तो दोन्ही हातांत धरून ती कमरुद्दीन यांच्यासमोर उभी राहिली.

"काका, एक विचारू? ही वास्तू तुम्हाला लाभली ना?"

"वहिनी, सोन्यासारखं घर आहे!" सुरेश मध्येच म्हणाला.

"तुम्ही नका सांगू. आमच्याकडे मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय विसार देत नाहीत."

तीन दिवसांच्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता. पण तो कमरुद्दीन यांच्या ओळखीचा होता. लहानपणी, वडिलांनी होडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने याच शब्दांत विचारले होते, "लाभली का?" वडील होडीच्या नाळीवर, तिच्या पुढच्या टोकावर, हात ठेवून म्हणाले होते, "लाभली. पण उजव्या अंगाला पाणी धरते." किंमत तिथल्या तिथे निम्म्यावर आली. घरी आल्यावर आईने कपाळाला हात लावला, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "त्या प्रश्नाला खोटं बोलायचं नसतं. समोरचा पाण्यात जाणार असतो."

"इरा, ये. आजोबांच्या पाया पड," छायाने आत हाक मारली.

मुलगी धावत आली आणि वाकली. कमरुद्दीन झटकन मागे सरले. पायांतले बूटही त्यांचे नव्हते.

"पाया नको गो पोरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी चष्मा काढला. "हे घर माझं नाय. मी अजीज नाय. हितल्या खिडक्यासुद्धा मी आजच बघतोय. बाबा, पैसे बांधून ठेव."

"काकांना विसरायला होतं, सर, वय झालंय—"

"पैसे बांध, बाबा."

सिद्धांतने पिशवी पोटाशी आवळली. सुरेशचे हसू विझले. त्याने बॅग खांद्याला लावली, आणि कमरुद्दीन यांच्या अगदी जवळ येऊन तो हलकेच म्हणाला, "खलास, चाचा. आता मर इथेच." दार उघडे टाकून तो गेला. बॅगेबरोबर पासपोर्टही गेला. लिफ्टची घंटी वाजली आणि विरून गेली.

सिद्धांतने फोन लावला. नंबर दाबताना त्याचे बोट दोनदा चुकले. "पोलीस येतील," तो कमरुद्दीन यांच्याकडे न पाहता म्हणाला. "तुम्ही हलायचं नाही."

"खंय जाऊ?" म्हणत ते भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसले. त्यांनी बूट काढून, जोडून, बाजूला ठेवले.

काचेबाहेर ऊन पिवळे पडत होते. छाया अजून नारळ हातात घेऊन उभी होती. तो ठेवावा कुठे, हे तिला सुचत नव्हते. अखेर ती पुढे झाली आणि तिने तो त्यांच्या ओंजळीत ठेवला. का ठेवला, ते तिने सांगितले नाही.

बाहेर लिफ्ट पुन्हा वर येऊ लागली.

"तुमाला घर लाभो," कमरुद्दीन म्हणाले. मग सुरेश गेला त्या उघड्या दाराकडे पाहत, अगदी हलक्या आवाजात, "त्यालाबी लाभो."