खाली नाव लिहा

दहावं नाव ‘राम कृष्ण हरी’ असं होतं.

रविराजनं सकाळी स्विफ्टवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं होतं, ‘स्विफ्टच्या मोठ्या ब्रेकचे सेट जपानहून मागवतोय. दहा झाले तरच तिकडचा माणूस पाठवतो. ज्याला पाहिजे त्यानं खाली नाव लिहा.’ नऊ नावं पटापट आली. दहावं आलं अजितच्या नंबरवरून. अजित पहिल्यापासून चेष्टेखोर, म्हणून रविराजनं ते धरलं आणि ‘दहा झाले रे’ असं सगळ्यांना कळवून मोकळा झाला. दुपारी जेवताना त्याचा घास हातातच राहिला. अजित कॅनडाला गेल्यापासून तो नंबर त्याचे वडील वापरत होते.

ऑर्डर आजच्या आज जायची होती. याआधी दोनदा अशीच फिसकटली होती. आता तिसऱ्यांदा फिसकटली, तर पोरं रविराजच्या शब्दावर पुन्हा येणार नव्हती.

वडगाव निंबाळकरला तो पोचला तेव्हा अजितचे वडील मोहनराव ओसरीवर बसले होते. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यावर कीर्तन चालू. शेजारी अजितची आई सिंधुबाई बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या.

“तात्या, जरा एक—”

मोहनरावांनी हात वर केला. “महाराज चालीवर आल्यात. बस.”

कीर्तनातून मधेच उठायचं नाही, ही त्या घराची रीत. रविराज बसला. खिशात फोन सारखा थरथरत होता. महाराजांनी एकच चरण पुन्हा पुन्हा आळवला, टाळकऱ्यांनी तो उचलून धरला, मृदंग चढत चढत गेला. रविराजचा पायही नकळत ठेका धरू लागला. आणि एका मात्रेवर सगळं एकदम थांबलं. एवढे टाळ, पण एकही मागं रेंगाळला नाही.

“असं थांबता आलं पायजे,” मोहनराव डोळे पुसत म्हणाले. “हं, बोल आता.”

“तात्या, सकाळी ग्रुपवर तुमी राम कृष्ण हरी लिहिलंत.”

“व्हय. तूच म्हणलास, नाव लिहा. बघतो तर सगळी आपापलीच नावं लिहायला लागलेली. म्हणलं, एकानं तरी खरं नाव लिहावं.”

सिंधुबाई पदराआड हसल्या. रविराजला मात्र हसू येईना. त्यानं सगळं उलगडून सांगितलं.

“म्हंजी गाडी पळवायचा पार्ट हाय?”

“न्हाय, थांबवायचा. ब्रेक. मोठ्या डिस्कचा.”

“पळायचं सगळं हितं मिळतंय,” मोहनराव म्हणाले, “आन् थांबायचं जपानातनं आणायचं व्हय रं?”

रविराज खाली बघत म्हणाला, “चूक माझीच हाय. तुमच्या नंबरवरचं नाव काढून टाकतो. नऊच राहत्यात मग. ऑर्डर जाणार न्हाय, पण इलाज न्हाय.”

शेंगा फोडायचा आवाज थांबला. “नाव काढायचं?” सिंधुबाईंनी विचारलं. “देवाचं?”

“तसं न्हाय काकी, यादीतनं—”

“कुठनंबी.”

मोहनराव गोठ्याकडं बघत होते. गोठ्याच्या बाजूला अजितची पांढरी स्विफ्ट ताडपत्रीखाली उभी होती. टपावर कोंबडी बसलेली. बॅटरी उतरू नये म्हणून मोहनराव दर एकादशीला गाडी चालू करायचे, थोडा वेळ आत बसायचे आणि बंद करून बाहेर यायचे. त्या गाडीनं दोन वर्षांत वेस ओलांडली नव्हती.

“अजितला विचारून बघू का?” रविराजनं हळूच विचारलं.

“तो आता कामावर निघाला आसंल. घाईत आसतो. परवा फोन आल्ता, तर ह्या वर्षीबी जमत न्हाय म्हणला.” मोहनराव रविराजकडं वळले. “हे बसवायचं कुणी?”

“आमीच बसवू. तुमच्या दारात येऊन.”

“सगळी पोरं?”

“येतील की. अजितची गाडी म्हणल्यावर कोण मागं राहतंय?”

“मग जेवायलाच या,” सिंधुबाई म्हणाल्या. “आन् एकादशी सोडून या. मागं तुमी आला तवा भगरीवर भागवावं लागलं.”

“काकी, आधी तात्यांना ठरवू तर द्या. ह्यात पैसं घालायचं म्हणजे—”

“दुधाचं येतंय माझ्याकडं,” मोहनराव म्हणाले. “त्येला कळवू नगंस. तिकडनं पाठवत बसंल.” त्यांनी पुन्हा ताडपत्रीकडं बघितलं. “गाडी पक्की थांबती ना पर?”

“जागच्या जागी, तात्या.”

“मग नाव ऱ्हाऊ दे तसंच.”

रविराजनं ओसरीवर बसल्या बसल्याच ऑर्डर पाठवली आणि ग्रुपवर कळवलं. तांब्याला टेकवलेला फोन वाजला. मोहनरावांनी चष्मा लावून ‘दहा पक्के’ वाचलं आणि सावकाश एकेक अक्षर शोधत खाली पुन्हा तेच लिहिलं.

रविराज पायात चप्पल सरकवत होता, तेव्हा सिंधुबाईंनी पुन्हा शेंग हातात घेतली.

“गाडी थांबायची सोय झाली म्हणायची. आता पळायची तेवढी ऱ्हायली,” त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या.

मोहनराव उठून गाडीजवळ गेले. कोंबडी हाकलली. ताडपत्रीची एक दोरी वाऱ्यानं सुटली होती, ती त्यांनी बांधायला हातात घेतली. आणि मग तशीच सोडून दिली.