सुटे पाय

"अहो, दुर्बिणीच्या ट्रायपॉडचा लोखंडी पाय असा वाकतो कसा? दरीत फेकलात की काय?" मी विचारलं.

कुवाबारासान नुसते हसले. "या वेळी मजबूत द्या."

मी दुकानातला ओकच्या लाकडाचा ट्रायपॉड काढला. वर माउंट बसवला, दुर्बीण चढवली आणि समोरच्या डोंगरावरच्या देवळाचं छप्पर धरलं. आम्ही नागानोतले लोक ट्रायपॉड असाच पारखतो. पायावर सणसणीत चापट मारायची आणि दुर्बिणीतून दिसणारं छप्पर किती वेळ थरथरतं ते बघायचं.

कुवाबारासाननी डोळा लावून चापट मारली. पुन्हा मारली. मग मूठ आवळून हाणली. "वा! मार खातो आणि लगेच गप्प होतो!"

दाराशी उभी असलेली त्यांची बायको प्रत्येक फटक्याला मान आत ओढत होती.

ते गाडीची डिकी उघडायला बाहेर गेले, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "याचे पाय सुटे होतात का हो?"

"होतात की, वहिनी! ही खुंटी फिरवली की पाय हातात. नेण्या-आणण्याला सोपं."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "न सुटणारा नाही का एखादा? जुन्याचे सुटायचे."

भर ऑगस्टात तिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मी वाकलेल्या लोखंडी पायाकडे बघितलं.

"आटप गं! का येऊ आत?" बाहेरून कुवाबारा ओरडला.

"या ना, आत या," मी म्हणालो आणि खुंटी फिरवून ओकचा एक पाय हातात घेतला.