मंदाबाईंचा हातमोजा

मायक्रोबायोलॉजीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बासष्ट वर्षांच्या वामनरावांनी शिकवणारा हातमोजा चढवला. त्यात मंदाबाईंच्या हाताचं वळण साठवलेलं होतं. त्या याच कॉलेजात शिकवत. वारल्या त्याला दोन वर्षं झाली. बायकोच्या हातासाठीच वामनरावांनी प्रवेश घेतला होता.

वर्षभर ते तापलेली तार थंड न करताच जंतूंना लावायला जात आणि ते जंतू मरणार, तोच मोजा त्यांचं मनगट धरून मागे ओढी. परीक्षेत मोजा हलला की नापास. नापास झाल्यास तो आणखी वर्षभर मिळणार होता.

त्यांनी तार थंड होऊ दिली, मग तिने जंतू उचलून प्लेटवर नीट रेघा ओढल्या. मोजा हलला नाही.

"काका, बिघडला वाटतं," शेजारची तेजल कुजबुजली.

"नाही गं. घरीही माझा चहा जमला की ती गप्पच बसायची."