गोधडीचा घास

“हात लावला तर चालंल का?” मायानं विचारलं.

“लावा की. त्यासाठीच ठेवलंय,” सारिका म्हणाली. सणसवाडीचीच पोर, कॉलेजात शिकणारी, गळ्यात ओळखपत्र. “मॅडमची एकच अट हाय. वस्तू आपल्या माणसाची निघाली तर वहीत सही करायची आन् घेऊन जायची. मग ती खाट रिकामीच राहणार.”

मॅडम म्हणजे यानेलिस. क्युबाची कलावंत, भारतातलं तिचं एकटीचं हे पहिलंच प्रदर्शन. बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये तिनं चाळीस लोखंडी खाटा ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक खाटेवर एकेक अंथरूण, भाड्याच्या खोलीत कुणी कामगार मागं टाकून गेलेलं. विटकी चादर, सतरंजी, एका खाटेवर तर नुसती पोती उसवून जोडलेली. दहा दिवस झाले होते. चाळीसच्या चाळीस खाटा अजून भरलेल्या होत्या.

“आन् कुणीच न्हाई आलं तर?” चांगुणाबाईनं, मायाच्या सासूनं, विचारलं.

सारिकानं ते इंग्रजीत पोचवलं. कोपऱ्यात स्टुलावर बसलेली यानेलिस हळूहळू काही बोलली.

“त्या म्हणतात, त्यांचा भाऊ टायरच्या ट्यूबा एकमेकींना बांधून समुद्रात उतरला, दुसऱ्या देशात जायला. बावीस वर्षं झाली. आई रोज रात्री त्याचं अंथरूण घालते आन् सकाळी ह्या ते गोळा करतात. मेला का जगला, कुणालाच माहीत न्हाई.”

“माहीत न्हाई ते बरं,” चांगुणाबाई पुटपुटली.

माया पुढं गेली होती. चार वर्षांची प्रज्ञा तिच्या पदराला धरून, खाटा मोजत, पाचानंतर पुन्हा एकवर येत.

ही पोर बारा दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. माया बाळंतपणाला माहेरी, इनामगावला; नवरा विनोद कामाला सणसवाडीत. दिवस टाळेबंदीचे, कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. तरी चांगुणाबाई सासरच्या राहू गावाहून एकटीच आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, विनोद सणसवाडीची खोली सोडून ठेकेदारासंगं लांब गेलाय, फोन लागायचा न्हाई. मग तो लागलाच नाही. ना चिठ्ठी, ना निरोप.

आता मायाच्या भावानं शिरूरचं स्थळ आणलं होतं. माणूस बिजवर, पण पोरीसकट पत्करायला तयार. उत्तर आजच द्यायचं होतं.

“खोल्यांतली अंथरुणं मांडल्यात म्हणं,” माया सकाळी म्हणाली होती. “त्यांचं काय सापडलं तर मी थांबते, आत्या. न्हाई तर दादाला हो म्हणते.”

“मी पण येते,” चांगुणाबाई म्हणाली होती.

आज बोलायचंच, असं ठरवून ती जीपमध्ये बसली होती. भीमेच्या पुलावर तोंड उघडलं तर प्रज्ञाला उलटी झाली. शिक्रापूरला उघडलं तर शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली आणि जावयाचं गाऱ्हाणं सांगत सुटली.

“आत्या.”

तिसऱ्या ओळीत माया गुडघ्यावर बसली होती. खाटेवर गोधडी. मध्ये कंपनीच्या निळ्या कापडाचे चौकोन, कडेनं हिरवं लुगडं. माया तिचा एक कोपरा बोटांनी चाचपत होती.

“घास हाय, आत्या. आत घास हाय.”

गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी चांगुणाबाई आत भाकरीचा तुकडा सारायची. गोधडी उपाशी ठेवली तर पांघरणारा उपाशी राहतो, म्हणायची. मायाच्या आईनं कधी सुई धरली नव्हती. मायानं हा घास बघितला तो सासूच्याच हातचा.

“आमच्याकडं समद्याच बाया...” चांगुणाबाईनं सुरुवात केली.

“आन् हा काळा दोरा बघा. तुमचाच.” माया सारिकाकडं वळली. “ताई, ही कवाची?”

सारिकानं खाटेची चिठ्ठी वाचली. “खोलीमालकानं दिलीय. भाडेकरू मागच्या दिवाळीत गेला. नाव न्हाई लिहिलेलं.”

“मागच्या दिवाळीत.” माया ते शब्द पुन्हा म्हणाली. मग हसली. चार वर्षांत चांगुणाबाईनं तिचे दात पाहिले नव्हते. “म्हंजी हायेत ते. इथं होते, एवढ्या जवळ. रागावले आसतील कशावर तरी. येतील.”

प्रज्ञा केव्हाच गोधडीखाली शिरली होती. फक्त पावलं बाहेर. “बाबाचा वास असा असतो?” तिनं आतून विचारलं.

यानेलिस स्टुलावरून उठली होती.

“आत्या, बोला की. तुमच्या हातची हाय का न्हाई?”

चांगुणाबाईनं कोपरा हातात घेतला. आत काहीतरी टणक होतं. तिनं ते बराच वेळ चिमटीत धरलं. मग मायाकडं बघितलं.

“माझीच हाय,” ती म्हणाली.

वहीत तिनं एकेक अक्षर कोरत सही केली. यानेलिसनं तिला मिठी मारली, आपल्या भाषेत काहीबाही म्हणाली, आणि सारिकाला ते सांगता येईना. पहिली खाट रिकामी झाली. बाहेर येऊन मायानं भावाला फोन लावला. “दादा, त्यांना न्हाई म्हणून सांग.”

परतीच्या जीपमध्ये प्रज्ञा गोधडीत गुरफटून झोपली. मायाचा हात त्या कोपऱ्यावरच होता. चांगुणाबाई बाहेर उसाकडं बघत राहिली. चार वर्षांपूर्वी दवाखान्यातून फोन आला, त्या सकाळी विनोदची गोधडी तिनं स्वतःच पुण्याला नेली होती. पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखातल्या माणसानं तिला जवळ येऊ दिलं नाही. तिनं ती लांबूनच टाकली, त्यानं काठीनं विनोदच्या अंगावर सारखी केली, आणि मग भट्टीचं दार लावलं.