गणूच्या लिव्हरचे राखणदार

चिमणने सलाइनचा रिकामा स्टँड वल्ह्यासारखा उगारला. "चुकीचं इंजेक्शन दिलंय. नाहीतर माझ्या भावाची लिव्हर जातेच कशी?"

मसोलीच्या त्या एवढ्याशा हॉस्पिटलात कोळ्यांचं आख्खं चिखले गाव घुसलं होतं. एकाच्या होडीवर संकट आलं की सगळ्यांनी धावायचं, ही त्यांची रीत. समुद्रात ठीक आहे. इथे दारात चपलांचा ढीग, बाकावर माणसावर माणूस, आणि गणूचा भाचा भाविक कुंडी फोडून मोकळा झालेला. कुंडीने त्याचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

काचेच्या दाराआड गणू बेशुद्ध होता. शिंगाळ्या माशाचा काटा तळहातात घुसला, त्याने वर हळद दाबली, आणि जंतू रक्तात उतरले. त्याची बायको देवकी आतच डॉक्टर हेमालींसमोर उभी होती.

"जंतू आता औषधाने आटोक्यात आलेत, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "लिव्हरला झोडपतायत त्या गणूभाऊंच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. वाचवायला धावल्या, पण थांबायचं कुठे ते त्यांना कळेना."

"म्हणजे आपलीच माणसं?"

"आपलीच."

तेवढ्यात दिवे गेले. भाविकने मेन स्विच खाली ओढला होता. का, तर तोच हाताशी होता. गणूच्या श्वासाचं मशीन बॅटरीवर गेलं आणि टूं-टूं करू लागलं. वॉर्डबॉय स्विचकडे धावला, तर चिमण स्टँड घेऊन आडवा. भावासाठी जीव देईन म्हणे.

"बॅटरी फार वेळ नाही चालायची," डॉक्टर पुटपुटल्या.

देवकी बाहेर आली. मासळीबाजारात तिचा आवाज रस्त्यापलीकडे जातो. आज ती हळूच बोलली.

"सगळे आलात ते बरं केलंत. मग बोंबलांजवळ कोण आहे?"

चिमणने भाविककडे पाहिलं. भाविकने मामीकडे. बायकांनी एकमेकींकडे. तिकडे किनाऱ्यावर गावाचे सगळे बोंबील बांबूंवर उघडे वाळत होते आणि कावळ्यांना काही सुट्टी नव्हती.

"आयला," चिमण म्हणाला. स्टँड खाली पडला. रिक्षात मावली तेवढी माणसं कोंबली, उरलेली अनवाणीच पळत सुटली. वॉर्डबॉयने स्विच वर केला. मशीनचं टूं-टूं थांबलं.

देवकी आत आली. गणू तसाच पडून होता, पिवळा पडलेला. तिने त्याच्या पायांवर चादर ओढली.

"बाहेरच्यांना मी घरी पाठवलं," ती डॉक्टरांना म्हणाली. "आतल्यांचं तुम्ही बघा."