चौथी लाईन

"आता याला कुठे दाबायचं?" नोएमीच्या बाबांनी, एवारिस्तोंनी, नवा फोन उलटा धरून विचारलं.

काउंटरमागच्या मुलीने तो सुलटा करून पुन्हा त्यांच्या हातात दिला. नोएमीने कपाळाला हात लावला. तिच्या फॅमिली प्लॅनमध्ये आधीच तीन लाईन होत्या: तिची, ओरलँडोला राहणाऱ्या भावाची आणि वहिनीची. आज चौथीची भर पडत होती, बाबांच्या. आणि भाऊ तिकडून सारखा नन्नाचा पाढा लावून बसला होता.

"फोन कसला घेतेस? वृद्धाश्रमात जागा बघ," ओरेस्तेस सकाळीच म्हणाला होता. "बाबा आणखी एकदा हरवू देत, मी विमान पकडून येतो आणि स्वतः नेऊन सोडतो. मग तुझं काही ऐकायचा नाही."

हरवणं सुरू झालं ते नाताळानंतर. बाबा पाव आणायला बाहेर पडायचे आणि घरचा रस्ताच विसरायचे. ज्या आदहुंतासमध्ये उभा जन्म गेला, त्या गावात! एकदा चर्चच्या पायरीवर सापडले, एकदा बेकरीच्या दारात, निवांत कॉफी पीत. कुणीतरी फोन करायचं आणि नोएमी हातातलं काम टाकून धावायची. ती नर्स. डोंगरातल्या घराघरांतून आजाऱ्यांची मलमपट्टी करत फिरायची. बाबांच्या गाडीची किल्लीही तिने काढून घेतली. डॉक्टरांचं नाव काढलं की मात्र बाबांची कंबर धरायची, आणि जाणं पुढच्या आठवड्यावर पडायचं.

वृद्धाश्रमाचा विचार तिला सहन होत नव्हता. नवऱ्याला सोडून ती परत आली, तेव्हा या माणसाने एक अक्षर विचारलं नव्हतं. नुसती तिची खोली झाडून ठेवली होती. त्यांना सोडून यायचं ते कुठल्या तोंडाने?

"नकाशावर ठिपका दिसेल, ताई," दुकानातली मुलगी सांगत होती. "आजोबा जातील तिथे ठिपका जाईल. हरवायचं कामच नाही."

"आणि हिचा ठिपका मला दिसणार?" बाबांनी विचारलं.

"दिसेल की. ताईंनी हो म्हटलं, तर घरातल्या सगळ्यांना सगळे दिसतील."

नोएमीचा चेहरा उतरला. कुठे आहेस, कुणाकडे आहेस, अजून का नाही आलीस, ह्या चौकशांपायीच तर तिने संसार मोडला होता. परत आल्यापासून कुठे जाते हे ती कुणालाच सांगत नसे, आणि विचारलेलं तिला खपत नसे. पण बाबांनी तेवढ्यात फोन पुन्हा उलटा केला होता. तिला हसूच आलं.

"बघा हवं तर," ती म्हणाली. "आधी तो उघडायला तर शिका!"

आणि तिने होकाराचं बटण दाबलं.

फोनने जादूच केली म्हणायची. बाबा एकदाही हरवले नाहीत. रोज दुपारी ठिपका शेजारच्या चेओकाकांच्या ओसरीवर असायचा, डॉमिनोच्या टेबलाशी. नोएमी गाडी लावताना एकदा बघून घ्यायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागू लागली.

चेओकाका तेवढे वैतागलेले.

"नोएमी, तुझ्या बापाला म्हणावं, जरा विसरत जा! कुणी कुठली सोंगटी टाकली, कुणाच्या हातात काय उरलंय, मेल्याला सगळं पाठ. रोज हरतोय मी."

"असंच असतं ते, काका. जुन्या सवयी तेवढ्या राहतात," नोएमी म्हणाली.

एका दुपारी शेजारच्या हायुया गावाच्या वाटेवर, कॉफीच्या मळ्यांमधल्या एका वळणावर तिचा टायर फुटला. मागची स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "संध्याकाळपर्यंत बघतो." घरी काही कळवायला नको, उगाच बाबांचा गोंधळ उडेल, असं म्हणून ती कठड्यावर टेकली आणि सवयीने नकाशा उघडला.

ठिपका ओसरीवर नव्हता.

चर्च मागे पडलं होतं, गाव मागे पडलं होतं, आणि ठिपका डोंगराकडे निघाला होता. चांगला वेगाने. कुणाच्या गाडीत बसले हे? तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच.

तेवढ्यात ओरेस्तेसचा आला. "बघतेयस ना? डोंगरात चाललेत! झालं तुझं समाधान? मी तिकीट काढतोय."

"थांब रे जरा!" नोएमी रडवेली झाली. फाट्यावर ठिपका डावीकडे वळला, पुढच्या पुलावर उजवीकडे. गेले, बाबा हातचे गेले. ठिपका सरकत सरकत तिच्या ठिपक्यापाशी आला आणि त्याच्यावर चढून बसला.

वळणावर भोंगा वाजला. चेओकाकांची खटारा जीप थांबली, आणि बाबा एक टायर, जॅक आणि दोरखंड घेऊन खाली उतरले.

नोएमीने त्यांना मिठीच मारली. "बाबा! किती घाबरवलंत! इथे कसे पोचलात तुम्ही?"

"मला नको विचारू," चेओकाका जीपमधून ओरडले. "मला तर हा रस्ताच ठाऊक नव्हता. वळण न् वळण यानेच सांगितलं. अन् तुझा फोन आला, तर म्हणे वाजू दे, नकाशा बघतोय!"

"मी रोज नाही हं बघत," बाबा चाकाशी उकिडवे बसत म्हणाले. "उशीर झाला तरच. तुझा ठिपका मघापासून हलेना."

नोएमी त्यांच्याकडे बघतच राहिली. "पण तुम्ही तर घरचा रस्ता विसरता ना?"

बाबांनी मान वर न करता नट सैल केला.

"सरळ मागितला असता, तर दाखवला असतास मला तुझा ठिपका?"